डिकीतली जागा

गाडीच्या डिकीत सबवूफरची पेटी बसवायची म्हणून मी डिकीची मापं पुन्हा पुन्हा घेतली, आणि त्याच डिकीत रोज बायकोची व्हीलचेअर ठेवतो हे विसरलो.

विसरलो म्हणजे साफ विसरलो. घाई नव्हती, अंधार नव्हता, कुणी मध्येच हाक मारली नव्हती. उलट बायको पलंगावर झोपलेली असताना, मापं नीट घेता यावीत म्हणून दर वेळी ती खुर्ची मीच उचलून बाहेर काढत होतो, घडी घालून भिंतीला टेकवत होतो, आणि डिकी रिकामी झाली की मनाशी म्हणत होतो, वा, जागा काय मस्त आहे! मग टेप लावायची. मग खुर्ची पुन्हा आत ठेवायची, डिकी लावायची आणि शिट्टी वाजवत घरात यायचं. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात गेलेल्या माणसाचा हा पराक्रम. माझ्या नकाशांवरून जे कालवे खोदले गेले त्यांत पाणी आलं की नाही, हे मी कधी जाऊन पाहिलं नाही. आता भीती वाटते.

पुन्हा पितृपक्ष लागलाय. पाऊस गेलाय, पण नीट निरोप घेऊन गेलेला नाही. भिंतींत अजून ओल आहे आणि वर ऊन असं की गच्चीवर वाळत टाकलेला टॉवेल कडक होऊन उभा राहतो. किल्ल्याच्या पायथ्याशी कांस गवताचे पांढरे तुरे आलेत. लष्कर नावाच्या आमच्या पेठेतल्या गल्लीत सकाळी दहाच्या सुमारास कुठल्या ना कुठल्या घरातून उडदाच्या वड्यांचा वास येतो. कावळ्यांना या दिवसांत इतकी आमंत्रणं असतात की ते पाहुण्यांसारखे नखरे करतात, एका घासाला चोच लावतात आणि पुढच्या घरी जातात. बाजारात मात्र शुकशुकाट. आमच्याकडचे हिंदी लोक या दिवसांना कनागत म्हणतात. कनागतात नवीन कापड नाही, भांडं नाही, गाडी नाही. दौलतगंजातले दुकानदार स्वतःच्याच पंख्याखाली बसून स्वतःच्याच मालाकडे गिऱ्हाइकासारखे बघत असतात.

दोन वर्षांपूर्वीचे हे दिवस मला त्यांच्या वासासकट आठवतात. वड्यांचा वास, खडूचा वास, आणि गाडीच्या मागच्या सीटवर टाकलेल्या उशीचा, ज्यात मलम, घाम आणि शरयूचं खोबरेल एकत्र झालेलं असायचं.

शरयू माझी बायको. शाळेत गणित शिकवायची आणि घरी मला. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे चुका शोधायला घरात मी एकटाच होतो. तिचं दुखणं आधी छातीत निघालं, ऑपरेशन झालं, गेलं म्हणाले. मग ते पाठीच्या मणक्यात सापडलं. पाय उचलेनासे झाले, खुर्ची आली, आणि कंपू भागातल्या इस्पितळात रोज सिकाई सुरू झाली. डॉक्टर रेडिएशन म्हणायचे. बाहेर बाकांवर बसलेले सगळे मात्र सिकाईच म्हणत. ऐकून वाटावं, भाकरी शेकून आणायची आहे. पुढच्या सीटवर तिला ताठ बसवत नसे, म्हणून मागची सगळी सीट तिची. उशा लावून ती तिच्यावर अर्धवट आडवी व्हायची. खुर्ची डिकीत. मी पुढे एकटा, ड्रायव्हरसारखा. आरशात तिचं फक्त कपाळ दिसायचं.

आणि मी बोलायचो नाही. आयुष्यभर अखंड बडबड केलेला माणूस मी, लग्नात मंगलाष्टकांच्या मध्ये भटजींना विनोद सांगितलेला. पण घर ते कंपू या रस्त्यावर माझ्या तोंडाला कुलूप लागायचं. काय बोलणार? बरं वाटतंय का, हे विचारायची सोय नव्हती. बाहेर बघ किती ऊन आहे, हे तिला कपाळावर कळत होतं. मी आरशात बघायचो, ती मान उचलून आरशात बघायची, की मी सिग्नलकडे बघायचो.

एक दिवस रस्त्यात गाई बसल्या होत्या, गाड्या तुंबल्या होत्या, आणि मागून आवाज आला, "अहो, रेडिओ तरी लावा. तुमचं गप्प बसणं फार कर्कश आहे."

रेडिओ लावला. डाव्या दारातला स्पीकर फाटलेला होता. बातम्या देणारी बाई कढईत बसून बोलतेय असं वाटायचं.

"भजी छान तळली जातायत," शरयू म्हणाली.

शहाण्या माणसाने तो एक स्पीकर बदलला असता. काम अर्ध्या तासाचं. पण मी घरी येऊन मोबाईलवर व्हिडिओ बघायला बसलो. एक मुलगा डिकीत पालथा पडून वायरी ओढत होता आणि मधूनमधून तोंड बाहेर काढून सांगत होता की हे कुणालाही घरच्या घरी जमेल. कुणालाही म्हणजे मला, असं मी धरलं. दारातले स्पीकर फक्त वरचा आवाज देतात, तो म्हणाला. खालचा आवाज, खर्ज, ढोल, छातीत वाजतो तो, त्याला वेगळा मोठा स्पीकर लागतो, त्याला वेगळी पेटी, वेगळा अॅम्प्लिफायर, आणि अॅम्प्लिफायरला थेट बॅटरीपासून वायर. एवढं सगळं लागतं हे ऐकून मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही. कित्येक दिवसांत पहिल्यांदा मला असं एक काम मिळालं होतं जे कठीण होतं आणि तरी होण्यासारखं होतं.

दौलतगंजच्या तोंडाशी गाड्यांच्या सामानाचं एक दुकान आहे. मालक सीटकव्हरांच्या ढिगावर मांडी घालून बसलेला होता.

"सिर्फ पूछने आया हूं," मी म्हणालो.

"अरे साहब, कनागत में सब पूछने ही आते हैं. पूछो." आणि मी विचारायच्या आतच, "बारह इंच का लगवाओ. गाडी रुक जाएगी, मोहल्ला हिलता रहेगा."

"पेशंट बैठता है गाडी में."

"तो और अच्छा. मन लगा रहेगा."

मला हे पटलं. तुम्ही हसाल, पण मला पटलं. घरी आलो तर शरयू खिडकीशी खुर्चीत बसली होती, मांडीवर जुनं प्लायवूड आडवं टाकून. खुर्चीच्या हातांवर ते बरोबर बसायचं. त्यावर ती जेवायची, शेंगा सोलायची, पूर्वीच्या विद्यार्थिनी भेटायला आल्या की त्यांच्या मुलांना त्यावर खडूने भागाकार करून दाखवायची.

"काय ठरलं स्पीकरचं?"

"सबवूफर," मी म्हणालो.

"हे काय असतं?"

मी सांगितलं. हात पसरून सांगितलं. आवाज कानांनी नाही ऐकायचा, अंगाने ऐकायचा. सीट हलते, काचा हलतात.

"किती हादरतं?"

"अगं, बरगड्यांपर्यंत!"

तिने मांडीवरचं प्लायवूड सरळ केलं. मग म्हणाली, "बरं." मग खिडकीकडे बघून, "पण आता काही घेऊ नका. पितृपक्ष चालू आहे. चांगलं नाही लागत. अमावास्या होऊ दे, मग घ्या काय घ्यायचं ते. तोवर योजना करा. योजनेला काही दोष नाही लागत."

आता इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. लग्नानंतर थोड्याच वर्षांनी याच शरयूने ऐन पितृपक्षात फ्रिज विकत घेतला होता. माझी आई दारात आडवी उभी राहिली, हातगाडीवाला फ्रिज धरून उन्हात उभा, अर्धी गल्ली जमलेली. शरयू म्हणाली, "आई, दुकानात गर्दी नाही, दुकानदार नरम आहे, याहून चांगला मुहूर्त कोणता? आणि पितर वरून आलेच असतील तर त्यांनाही थंड पाणी मिळेल." आईने पुढचा पंधरवडा त्या फ्रिजातलं पाणी प्यायलं नाही. अमावास्येनंतर प्यायली.

ती ही शरयू. ती मला सांगत होती की पितृपक्षात घेऊ नका. आणि मी मान डोलावली. मला फ्रिज आठवला नाही. त्याच फ्रिजला टेकून उभा होतो मी तेव्हा.

तर योजना सुरू झाली. ऑफिसातला उरलेला ट्रेसिंग पेपर माळ्यावर होता, तो काढला. डिकी वरून, डिकी बाजूने, डिकीचा उभा छेद. पहिला नकाशा पुरा झाला तसा तो शरयूच्या प्लायवूडवर पसरला. तिने चष्मा वर केला.

"हा बाण कसला?"

सवयीने मी कोपऱ्यात उत्तर दिशा दाखवली होती. कालव्याच्या नकाशात ती लागते.

"गाडी वळली की उत्तर बदलेल ना? की तुम्ही फक्त उत्तरेकडे तोंड करूनच गाणी लावणार?"

मी बाण खोडला. मग पेटीची आतली जागा काढायची होती. स्पीकर जेवढा मोठा तेवढी त्याला मागे हवा लागते. कमी पडली तर तो गुदमरतो, जास्त झाली तर नुसता धापा टाकतो. मी लांबी, रुंदी, उंची गुणून आकडा दाखवला.

"बाहेरचं माप धरलंत," शरयू म्हणाली. "आवाज पेटीच्या आत राहणार की बाहेर? फळीची जाडी वजा करा. सगळ्या बाजूंनी. आणि तो तुमचा स्पीकर स्वतः आत जागा खाणार ती?" तिने खडू घेतला आणि प्लायवूडवर गणित मांडलं. हात दुखला की थांबायची, खडू धरलेली बोटं तशीच हवेत. मग पुढची पायरी. बरोबर आलं की उत्तराखाली दोन रेघा, फळ्यावर मारायची तशा, आणि खडूची भुकटी तिच्या गाऊनवर.

पेटी दोन तऱ्हेची करता येते, मी तिला सांगितलं. एक सगळीकडून बंद. तिचा ठोका छोटा, नेमका. दुसरीला एक नळीसारखं तोंड ठेवतात. तिचा आवाज मोठा येतो, घुमतो, लांबतो.

"बंद करा," ती लगेच म्हणाली. "फुगवून सांगितलेलं मला काही आवडत नाही."

डॉक्टरांशीही ती असंच बोलायची. ते चांगले होते बिचारे, पण गोष्टीला तोंड ठेवून बोलत. "देखिए माताजी, उम्मीद पर तो दुनिया..." असं काहीसं सुरू झालं की शरयू म्हणायची, "डॉक्टर साहब, उत्तर बताइए, स्टेप्स नहीं."

आता मागे वळून बघताना नवल वाटतं, त्या दिवसांत आम्ही कंपूच्या रस्त्यावर केवढं बोलत होतो. तोच रस्ता, त्याच गाई, तेच कपाळ आरशात. मी म्हणायचो, बॅटरीची वायर डावीकडून नेऊ आणि आवाजाची उजवीकडून, एकत्र नेल्या तर घूं घूं येतं. ती म्हणायची, आपल्या दोघांच्या घराण्यांसारखं. मी म्हणायचो, बॅटरीजवळ फ्यूज हवा, नाहीतर वायर घासली तर आग. ती म्हणायची, म्हणजे मला दोनदा सिकाई. मी ब्रेक मारायचो. "हसा की," ती म्हणायची, "विनोद तुम्हीच करायचे असं लिहून घेतलंय का?"

सिकाईच्या खोलीबाहेरचा बाक लोखंडी होता, दुपारी तापायचा. तिथे बसलेले सगळे नवरे, मुलं, बहिणी एकाच जागी बघायचे: दारावरच्या लाल दिव्याकडे. दिवा लागला की आत आपलं माणूस एकटं. पितृपक्षामुळे कुणाच्या डब्यात खीर असायची, कुणी नुकतंच श्राद्ध आटोपून कपाळाला गंध तसंच घेऊन आलेला. मी ट्रेसिंग पेपर मांडीवर घेऊन पेटीच्या कोपऱ्यांचे जोड काढत बसायचो. शेजारच्याने एकदा विचारलं, "मकान बनवा रहे हो?" मी हो म्हणालो. "बनवाओ, बनवाओ," तो म्हणाला, "ध्यान बंटा रहता है." मला त्याचा राग आला. ध्यान बंटवायला, मन दुसरीकडे न्यायला, नव्हतो मी करत. मी बायकोसाठी गाणं आणत होतो.

एक गोष्ट मात्र त्या सगळ्या नकाशांत कुठेच नव्हती, आणि ती रोज माझ्या हाताखालून जात होती. घर ते कंपू या रस्त्यातला प्रत्येक खड्डा आणि गतिरोधक मला पाठ होता. जवळ आला की गाडी इतकी हळू करायचो की मागचे रिक्षावाले आई-बहिणीवर यायचे. पुढचं चाक चढवायचं, थांबायचं, उतरवायचं, थांबायचं. तरी मागून दर वेळी एक बारीक आवाज यायचा, ओठ मिटून दाबलेला. तो आवाज येऊ नये म्हणून मी गाडी डोक्यावरून काठोकाठ भरलेलं दुधाचं पातेलं न्यावं तशी नेत होतो. आणि त्याच गाडीत, त्याच पाठीच्या मागे, मी एक असं यंत्र बसवायची योजना करत होतो ज्याचं काम एकच, न थांबता गतिरोधक तयार करणं. बरगड्यांपर्यंत, मी म्हणालो होतो. हात पसरून. आणि ती म्हणाली होती, बरं.

हे मला केव्हा कळलं? आज लिहिताना कळतंय असं म्हटलं तर तुम्हाला खोटं वाटेल. फार आधी नाही कळलं, एवढंच सांगतो.

अमावास्या झाली. घट बसले. बाजाराला जाग आली, दुकानांवर झेंडूच्या माळा, सगळीकडे लाऊडस्पीकर. मी सकाळीच जाऊन फळ्या कापून आणल्या. एक बाजू कमी पडली. अर्थातच माझी मापं. शरयू म्हणाली, "माझं प्लायवूड घ्या." मी ते मागच्या बाजूला लावलं, घाईत न पुसता. तिची गणितं आतल्या अंगाला गेली. गच्चीवर ठोकाठोक, खाली खुर्चीत शरयू, मधूनमधून वर हाक, "बोटं मोजून घ्या!" दुपारी पेटीला पुढून भलंमोठं गोल भोक पाडलं, स्पीकरसाठी. स्पीकर दुसऱ्या दिवशी आणणार होतो. पेटी खाली आणली, डिकीत लोटली. इतकी नेमकी, की शेवटच्या बोटभर जागेत हवा फुस्स करून बाहेर आली आणि पेटी घट्ट बसली. आयुष्यात इतकं बरोबर माप माझं कधी आलं नव्हतं. मी डिकीवर थाप मारली आणि वळलो.

दारात शरयू खुर्चीत तयार बसली होती. केस विंचरलेले, मांडीवर फाईल. सिकाईची वेळ झाली होती.

तिने डिकीकडे पाहिलं. मग खुर्चीच्या हातावर हळूच थाप मारली, मी डिकीवर मारली होती अगदी तशी.

"आणि ही?"

मी पेटी ओढली. पेटी हलेना. पाय लावून ओढली. धरायला कुठे जागाच नव्हती, इतकं सुंदर काम केलं होतं मी. भोकात हात घालून ओढली तर हात अडकला. गल्लीतले दोघे आले, त्यांनी मला ओढलं. शेवटी शरयू म्हणाली, "अहो, आपला नंबर जाईल."

पुढच्या दारातून खुर्ची आत जाईना, तेव्हा आम्ही ती गाडीच्या टपावर बांधली. कपडे वाळत घालायच्या दोरीने, उलटी. आणि लष्करातून कंपूकडे निघालो. वर आकाशाकडे तोंड करून खुर्चीची चाकं वाऱ्याने फिरत होती. थांबलो की थांबत, निघालो की पुन्हा फिरत. देवीच्या मांडवांपाशी उभी असलेली माणसं आरती सोडून बघत होती. एका पोलिसाने हात वर केला आणि आत डोकावून, मागच्या सीटवर बघून, खाली घेतला. शरयूला हसू आलं. "हसवू नका, दुखतंय," ती म्हणाली. मी काहीच करत नव्हतो. आणि प्रत्येक गतिरोधकाला डिकीतून एक प्रचंड आवाज यायचा, धडाम, खोल, घुमणारा. माझी हातोडी आत राहिली होती. रिकाम्या पेटीत ती गडगडत होती. माझ्या सबवूफरने आयुष्यात काढलेला आवाज तेवढाच.

"बंद पेटी करणार होतात ना," मागून शरयू म्हणाली. "ही तर फुगवून सांगतेय."

इस्पितळात त्या दिवशी लाल दिवा लागलाच नाही. डॉक्टरांनी नवे फोटो उजेडापुढे धरले, मला बाजूला नेऊ लागले. शरयू म्हणाली, "यहीं बोलिए." ते म्हणाले, "अब घर पर आराम कराइए. आने-जाने की तकलीफ मत दीजिए." पहिल्यांदाच त्यांनी उत्तर सांगितलं, पायऱ्या न सांगता.

परत येताना चाकं वर तशीच फिरत होती. कुणी हसलं नाही. तिने रेडिओ लावा असंही म्हटलं नाही.

ती कार्तिकात गेली. खुर्ची इस्पितळाच्या बाकावरच्याच एका घराला देऊन टाकली. त्यानंतर डिकीत पेटीला जागाच जागा होती. मी मागायला नको होती अशी, पण मागितली होती तेवढी. पुढे एकदा उन्हाळ्यात गाडीची मागची सीट काढली तर पेटी आतून मुकाट्याने बाहेर आली. वाट त्या बाजूने होती. दौलतगंजातला तो मालक अजून मला ओळखतो. "साहब, बारह इंच?" मी म्हणतो, कनागत निकल जाने दो. तो म्हणतो, "आपका कनागत तो बारहों महीने चलता है." त्याला काही माहीत नाही. बरोबर बोलतो मात्र.

आज नवमी. पितृपक्षातली अविधवा नवमी, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची तिथी. एका सवाष्णीला जेवायला बोलवायचं, ओटी भरायची, गेलेलीच्या आवडीचं करायचं. नवऱ्याचं यात कर्तृत्व एवढंच, की तो मागे उरला. गेल्या वर्षी या दिवसांत तिचं वर्षश्राद्ध व्हायचं होतं, म्हणून ही पहिलीच नवमी. सवाष्ण म्हणून मी शरयूच्या धाकट्या बहिणीला बोलावलं, माधवीला. ती बिर्ला नगरकडून रिक्षाने आली, पायऱ्या चढून धापा टाकत.

"भाऊजी, खाली नाही हं बसता येणार. गुडघ्यांनी जवाब दिलाय."

तिला खुर्ची दिली. पण पान कशावर ठेवणार? घरात एकच गोष्ट त्या उंचीची होती. गच्चीच्या जिन्याखालून पेटी ओढून आणली, पुसली, वर स्वच्छ पंचा घातला, भोवती रांगोळी काढली. रांगोळी माझी, वर्तुळाची दोन टोकं भेटली नाहीत. पान मांडलं. वडे, आमसुलाची चटणी, आणि शरयूची आवडती खीर, जी मी तळाला लावली होती.

माधवीने पंचा थोडा उचलून पाहिला. भोक दिसलं. तिने त्यात आपली पर्स ठेवली.

"हीच का ती?"

"तुला काय माहीत?"

"म्हणजे? ताईचा रोज फोन यायचा. आज फळीची जाडी वजा केली, आज उत्तर दिशा काढली. हसून हसून फोन ठेवायची. म्हणायची, दुखतं गं."

"स्पीकर राहूनच गेला," मी म्हणालो. "तेव्हाच आणला असता. पण शरयूने पितृपक्षात घेऊ दिला नाही."

माधवीचा हात वड्यावर थांबला. "ताईने? ताईने तर फ्रिज आणला होता पितृपक्षात."

मी फ्रिजकडे पाहिलं. तो आपला घुरघुरत होता.

"मी विचारलं होतं तिला," माधवी म्हणाली. खिरीची वाटी तिने जवळ ओढली, वास घेतला, करपलेला वास तिला आला, तरी एक चमचा घेतला. "म्हटलं ताई, तुझी पाठ ही अशी, आणि भाऊजी मागे ढोल बसवतायत, तू त्यांना नाही म्हणत नाहीस?"

"मग?"

"खरं सांगू?"

"सांग."

"म्हणाली, 'करू दे त्यांना ती पेटी. तेवढा वेळ तरी माझ्यासमोर तेराव्याचं जेवायला आल्यासारखे बसत नाहीत.'"